कमी धोक्याचा गट

प्रिय टिंबू,

पाकीट पाहून दचकू नकोस. इथे सगळं ठीक आहे. फोनवर तू "मी बरी आहे" म्हणतेस, मी "बरं" म्हणते, आणि मग फोन आधी कोण ठेवतंय याची आपण दोघी वाट पाहत बसतो. तुझे बाबा होते तेव्हा आपल्या दोघींमधलं बोलणं तेच करायचे. तुझं मला सांगायचे, माझं तुला, आणि दोन्हीकडे पदरचं थोडं घालायचे. आता ते नाहीत, तर म्हटलं लिहून पाहावं. मला सवय आहे ती अहवाल लिहायची. नमुना कुठून आला, किती रुजलं, किती कुजलं, खाली सही. पत्र तसं कोरडं वाटलं तर चालवून घे.

मी आमच्या बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत परत जायला लागले. पहिल्या दिवशी सगळ्या जणी माझ्याशी इतक्या हळू बोलत होत्या की उगवणीच्या कपाटाची घरघर त्याहून मोठी वाटत होती. मग आमच्या साहेबांनी टोमॅटोच्या बियांचा एक नमुना माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "बघा बाई, पाठवणारा म्हणतो शंभरातलं नव्वद रुजतं. मला तर बियांचं तोंड बघूनच शंका येतेय." बियांना तोंड कुठल्या बाजूला असतं ते काही त्यांनी सांगितलं नाही. मला हसू आलं, आणि मग सगळ्याच जणी नेहमीच्या आवाजात बोलायला लागल्या.

बाबांची ड्रायव्हिंग शिकवायची गाडी अजून दारात उभी आहे. तुझे काका म्हणतात, "वहिनी, दोन्ही बाजूंना ब्रेक असलेली गाडी घेणार कोण? नवराबायकोनं घेतली तर पहिल्याच वळणावर काडीमोड." त्यांच्या हाताखाली शिकत होती ती शिंपीण परवा येऊन गेली. परीक्षा पास झाली म्हणे. दारातच म्हणाली, "सर असते तर आधी ओरडले असते, आरसा बघितला नाहीस म्हणून." तिला आत बसवून चहा दिला. ती रडली. मी कप विसळत राहिले.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या विभागाच्या मोठ्या बाईंचा फोन आला होता. तक्रार करायला नव्हे, माझी चौकशी करायला. पण बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघून गेलं की रजा घेऊन परगावी राहिलेली तू आता काम सोडते आहेस, आणि सोडण्याआधी त्या कामातून बाबांना काढून टाकलं आहेस. मी "बरं" म्हणून फोन ठेवला. मग दिवसभर माझ्या डोक्यात तेच. माणूस गेला हे मला कळलं होतं. गेलेल्या माणसाला कामातून काढतात म्हणजे काय करतात, ते कळेना. खरं सांगायचं तर तुझं काम नेमकं काय आहे हेही मला धड माहीत नव्हतं. कोणी विचारलं तर बाबा सांगायचे, "आमची लेक डॉक्टर आहे, पण कागदांची. पेशंट तिच्याकडे बरा होऊनच येतो, नाहीतर जाऊनच." लोक हसायचे आणि विषय संपायचा. या वेळी मला तो संपवायचा नव्हता. सुट्टीच्या दिवशी मी उठले आणि तुझ्या हॉस्पिटलात गेले.

मोठ्या बाईंची खोली तुला माहीतच आहे, पण मी पहिल्यांदाच पाहिली. पूर्वी तिथे चादरी ठेवत असणार, भिंतीवर फळ्यांच्या खुणा अजून आहेत. खिडकीतून स्वयंपाकघराचं धुराडं दिसतं. टेबलावर एका बाजूला केसपेपरांचे गठ्ठे, दुसऱ्या बाजूला बिस्किटांचा डबा. मला बघून त्या उठल्याच. त्यांना वाटलं मी भांडायला आले आहे. तसं त्या नंतर म्हणाल्याही. मी म्हटलं, मला फक्त समजून घ्यायचं आहे, माझी मुलगी काय करत होती ते. त्यावर त्या म्हणाल्या, "अहो, इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नाही मला. माझ्या नवऱ्यानंसुद्धा नाही."

त्यांनी समजावलं ते मला असं कळलं. चुकलं असेल तर तू दुरुस्त कर. इन्सुलिन कमी पडलं की शरीराला साखर वापरता येत नाही. मग ते चरबी जाळत सुटतं, आणि त्या जळण्यातून रक्तात आम्ल साचतं. असे रुग्ण हॉस्पिटलात येतात तेव्हा सगळेच सारखे दिसतात. उलट्या, तहान, जोरजोरात श्वास. बहुतेक बरे होऊन घरी जातात, थोडे जातच नाहीत. ते थोडे कोण, हे पहिल्या काही तासांतच ओळखता आलं तर त्यांना आयसीयूत हलवता येईल, म्हणून तुझं हे काम. जुन्या रुग्णांचे केसपेपर घ्यायचे. एकेका माणसाची एकेक ओळ करायची. वय, शुद्ध आहे का, रक्तातलं आम्ल, युरिया, पोटॅशियम, कुठे जंतूंची लागण आहे का, आधीचे आजार. ओळीच्या शेवटी एक चौकट. घरी गेला तर शून्य, गेला तर एक. त्यावरून कशाला किती गुण द्यायचे ते ठरवायचं, बेरीज जितकी जास्त तितका धोका जास्त.

मी म्हटलं, आमच्याकडे उलटं असतं, रुजलं त्याला एक. मोठ्या बाई म्हणाल्या, "तुमचं खातं आशावादी आहे."

मग मला प्रश्न सुचायला लागले आणि थांबेनात. तुला मी अशी पाहिली नसशील. मी विचारलं, या ओळीत साखर कुठे आहे? आजार साखरेचा आणि साखरेला गुण नाहीत? त्या म्हणाल्या, तूही पहिल्या महिन्यात हेच विचारलं होतंस. मग सगळे केसपेपर चाळून तुम्हाला दिसलं की साखरेचा आकडा नुसता भीती घालतो. कितीतरी जण फार मोठा आकडा घेऊन आले आणि पायी घरी गेले. वय, शुद्ध आणि मूत्रपिंड, हीच मंडळी खरी बातमी देतात. हे ऐकून मी थक्क झाले. आपल्या घरात इतकी वर्षं साखरेच्याच आकड्यावरून भांडणं झाली. बाबा सकाळी बोट टोचून आकडा बघायचे आणि कमी असला तर मला विजयी चेहऱ्यानं दाखवायचे, जास्त असला की यंत्र बिघडलंय म्हणायचे.

दुसरं एक विचारलं त्यात मी तोंडावर आपटले. मला वाटलं, ज्यांची ओळ पूर्ण भरता येत नाही, म्हणजे तपासण्या व्हायच्या आतच जे जातात, त्यांना तुम्ही सोडून देत असाल. आमच्याकडे नवीन मुली हे करतात. ओल्या कागदाची गुंडाळी उघडली की कुजलेलं बी चिमट्यानं उचलून फेकतात आणि लिहायचं विसरतात. मी जरा तोऱ्यातच विचारलं. मोठ्या बाईंनी मला तुझा एक सबंध तक्ता दाखवला, फक्त अशाच लोकांचा. तू त्यांच्यासाठी वेगळे गुण बसवले होतेस, रक्त न तपासता, फक्त बघून देता येतील असे. मी डब्यातलं एक बिस्कीट उचलून खाल्लं. पण मनातून मला फार बरं वाटलं, टिंबू. ही काळजी तू कुठून शिकलीस ते मला माहीत नाही. लहानपणी तू प्रयोगशाळेत यायचीस ती फक्त थंड कपाटापाशी उभं राहायला.

घरी येताना मला ती सकाळ आठवत राहिली. ती आपण दोघींनी अजून एकमेकींना सांगितलेली नाही. तू तेव्हा परगावी होतीस, तेच काम तिथल्या डॉक्टरांपुढे मांडायला गेली होतीस. बाबांना आदल्या दिवसापासून मळमळत होतं. जेवण जात नव्हतं. त्यांनी इन्सुलिनची सुई घेतली नाही हे मला नंतर कळलं. ड्यूटीवरच्या डॉक्टरांना ते स्वतःच म्हणाले, "जेवलोच नाही तर सुई कशाला? पेट्रोल नसताना किल्ली फिरवून काय उपयोग?" डॉक्टर म्हणाले, काका, आजारपणात उलट जास्त लागते. बाबांचा चेहरा असा झाला की चाळीस वर्षं शिकवलेला नियम कोणीतरी चुकीचा ठरवला. मोठ्या बाई म्हणतात, ही चूक जवळजवळ सगळेच करतात. शिकलेले जास्त करतात, कारण त्यांच्याकडे कारण तयार असतं.

सकाळी त्यांच्या तोंडाला पिकून काळं पडलेल्या फळासारखा वास येत होता. मला वाटलं कुठेतरी सफरचंद लपवून खाल्लं असणार, आणि मी खिसे चाचपले. मोठ्या बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, हा वास काहींना येतो आणि काहींच्या नाकाला मुळीच कळत नाही, डॉक्टरांतसुद्धा. मला माझ्या नाकाचं नवल वाटलं. टॅक्सीत ते पुढे बसले. हट्टानं. दर चौकाला त्यांचा उजवा पाय खाली जात होता आणि टॅक्सीवाला म्हणत होता, "साहेब, इकडे एकच ब्रेक आहे, तो माझ्याकडे." श्वास लागला होता तरी बाबा म्हणाले, "तेच तर भीतीचं कारण आहे."

हॉस्पिटलात त्यांच्या गुणांची बेरीज झाली. ड्यूटीवरचे ते उंच डॉक्टर, ज्यांना तुम्ही सगळे लंबू म्हणता, हसत हसत आले आणि म्हणाले, "काका, गुण कमी पडलेत. अगदी कमी. काळजी नको." बाबा म्हणाले, "शाळेतही मला एवढेच पडायचे. पण कोणी असं हसून कधी सांगितलं नव्हतं." सिस्टरसुद्धा हसल्या. मीही हसले. तीन गुण होते. मला तेव्हा तीन म्हणजे काय माहीत नव्हतं. आता माहीत आहे. तीन गुणांच्या शंभर माणसांत दोन किंवा तीन जातात.

त्यानंतरचं मी तुला कधी बोलले नाही. लंबू डॉक्टरांनी तुला फोन लावला तेव्हा मी त्यांच्या मागे उभी होते, बाबांचे बूट आणि चष्मा हातात धरून. तुला वाटतं मला हे माहीत नाही. ते एकेक आकडा वाचत होते आणि तू पलीकडून विचारत होतीस. मग ते म्हणाले, "हो, माझेही तीनच येतायत. मग वॉर्डातच ठेवू ना?" आणि थोडं थांबून, "बरं, वॉर्डातच." तुझा आवाज मला ऐकू आला नाही. पण तू काय म्हणाली असशील ते मला तेव्हाच कळलं, आणि माझ्या जिवात जीव आला. माझ्या मुलीनं बघून सांगितलं आहे, मग वॉर्ड तर वॉर्ड. मला वाटलं ते असं.

पुढचं सगळं तुला केसपेपरवरून माहीत आहे, पण केसपेपरवर नसलेलं सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बरे दिसत होते. आम्ल उतरत होतं. त्यांनी पावाचा तुकडा खाल्ला, चहा बेचव आहे म्हणाले. सिस्टर औषधांची गाडी ढकलत खाटांच्या मधून वळल्या तर त्यांना म्हणाले, "पोरी, वळण फार जवळून घेतलंस. पुढचं चाक गेलं म्हणजे मागचं जातंच असं नाही." सिस्टर म्हणाल्या, "काका, लायसन्स काढून द्या मग." ते हसले, माझ्याकडे वळले, काहीतरी सांगणार होते. त्याच वेळी ते गेले. पुढे सगळी धावपळ झाली, मला पडद्याबाहेर नेलं, पण मला ठाऊक होतं. शेवटच्या गडबडीत काढलेल्या रक्तावरून समजलं की दोनेक दिवसांपूर्वीच त्यांना हृदयाचा झटका येऊन गेला होता. छातीत कळ नाही, काही नाही. आल्यावर काढलेला हृदयाचा आलेख जवळजवळ नीट होता. मधुमेहात नसा बधिर होतात आणि दुखणं वरपर्यंत पोचतच नाही, असं मोठ्या बाई म्हणाल्या. जन्मभर कोपऱ्यावरचा सायकलवाला सगळ्यात आधी ज्यांना दिसायचा, त्यांना हे दिसलं नाही. मळमळ झटक्यामुळे झाली आणि सुई त्यामुळे चुकली, की दुसरंच काही आधी होतं, हे मी तीनदा तीन तऱ्हेनं विचारलं. कोणालाच सांगता येत नाही.

आणखी दोन गोष्टी मी विचारल्या आणि त्या तुझ्यापासून लपवणार नाही. तुला खोटा दिलासा दिला तर तो तुला लगेच ओळखू येईल. पहिली, ते आयसीयूत असते तर? मोठ्या बाईंनी चष्मा काढून ठेवला. म्हणाल्या, "तिथे सतत यंत्र लावलेलं असतं. ताल बिघडायला लागला ते आधी दिसलं असतं. दिसलं म्हणजे वाचले असते, असं मी म्हणणार नाही. वाचलेच नसते, असंही म्हणणार नाही." दुसरी, त्या दिवशी तिथे जागा होती का? होती. एक खाट रिकामी होती. हे उत्तर मिळाल्यावर मी उठून हात धुवायच्या बेसिनपाशी गेले आणि नळ सोडून उभी राहिले. मग परत येऊन बसले. मला वाटलं होतं हे कळल्यावर मला तुझा किंवा त्या लंबूचा राग येईल. मी खरंच वाट पाहिली, टिंबू, येतो का म्हणून. आला नाही. त्याऐवजी आणखी एक प्रश्न आला.

काकांना मात्र राग आहे. ते म्हणतात, "आकडे मांडून मरण सांगायला ही काय ज्योतिषीण लागून गेली? आणि सांगितलं तेही चुकीचं!" त्यांचं मनावर घेऊ नकोस. भाऊ गेला आहे, त्यांना कोणावर तरी ओरडायचं आहे आणि तू लांब आहेस म्हणून सोयीची आहेस. मी त्यांना एवढंच म्हटलं, भावोजी, शंभरातली तीन जाणार असं म्हटलं होतं, आणि त्या तिघांत कोणीतरी असणारच ना? ते म्हणाले, "पण आपलाच का?" मी नोकरीला लागल्यापासून वाटीतून बिया उचलते आहे. शंभरातलं कुठलं कुजणार हे मला आजपर्यंत एकदाही आधी सांगता आलेलं नाही. पण न रुजलेलं बी आम्ही फेकत नाही. चाकूनं मधोमध कापतो आणि आत काय झालं ते बघतो. आत पोकळ होतं, की कीड होती, की नुसतंच झोपलेलं होतं.

म्हणून पुढच्या खेपेला मी मोठ्या बाईंना विचारलं, कमी गुण पडूनही जे गेले ते कोण आहेत? त्या म्हणाल्या, "ते केसपेपर वेगळे काढायचं काम तुमच्या मुलीनं स्वतःकडे घेतलं होतं. परगावाहून आल्यावर करणार होती." मग त्यांनीच बांधलेले गठ्ठे सोडले. मी नावं झाकून ठेवत होते, त्या वाचत होत्या. फार थोडे निघाले. एकाच्या फुप्फुसात लागण होती आणि ती उशिरा दिसली. एकीला भरती व्हायलाच उशीर झाला होता. आणि दोघे असे की ज्यांच्या छातीत दुखलं नव्हतं, पहिला आलेख जवळजवळ नीट होता आणि नंतर हृदय निघालं. मोठ्या बाई म्हणाल्या, "दोन म्हणजे योगायोग." मी म्हटलं, आणि तीन? त्यांनी ते दोन केसपेपर शेजारी शेजारी ठेवले. मग म्हणाल्या, "तीनवरून सिद्ध काही होत नाही. पण तीन झाले की पहिला आलेख नीट असला तरी काही तासांनी दुसरा काढायचा का, हे विचारायला तोंड राहतं. सगळ्यांचा नाही. पन्नाशीपुढच्यांचा तरी."

तिथे मला कळलं, कामातून काढलं म्हणजे काय केलंस ते. तुझ्या तक्त्यात तिसरे, म्हणजे बाबा, नाहीत. त्यामुळे तुझे गुण किती अचूक ठरतात तो आकडा होता तसाच स्वच्छ राहिला आहे, आणि दोन योगायोगच राहिले आहेत. तू दिलेलं कारण मोठ्या बाईंनी मला सांगितलं. रुग्ण संशोधिकेचे वडील आहेत आणि त्यांना कुठे ठेवायचं ते तिनंच ठरवलं, म्हणून ओळ वगळावी. त्या म्हणाल्या, "नियमात बसतं ते. पण नियमासाठी काढलेलं नाही. माझी सख्खी जाऊ आहे या तक्त्यात, मी काढली का तिला? इच्छा तर पुष्कळ होती." मला हसू आलं. तुझ्या हातून ती ओळ लिहिली जात नव्हती. तुझ्या जागी मी असते तर माझ्याही हातून झाली नसती. त्यात लाज वाटावी असं काही नाही. पण त्यासाठी तू सगळंच काम सोडते आहेस, आणि तुझ्याशिवाय ते पुरं करणारं तिथे कोणी नाही. आतापर्यंत चाचणीपुरते वापरलेले हेच गुण पुढच्या महिन्यापासून येणाऱ्या प्रत्येक रुग्णाला लावणार आहेत, असं त्या म्हणाल्या. म्हणजे कोणाचे तरी बाबा येतील, त्यांना तीन गुण पडतील आणि कोणीतरी हसत हसत सांगेल, काळजी नको.

आता हे पत्र का लिहिलं ते. काल मी पुन्हा गेले होते. वडिलांचा केसपेपर वापरायला मुलीनं परवानगी द्यायची नसते म्हणे, बायकोनं द्यायची असते. मी दिली. तुला न विचारता दिली. हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये, म्हणून आज लिहायला बसले. मोठ्या बाईंनी त्यांची ओळ भरली आणि लंबू डॉक्टरांनी शेजारी बसून एकेक आकडा पडताळून पाहिला. तो मुलगा फार खाली मान घालून बसला होता, मी त्याला बिस्कीट दिलं. वय लिहिलं. शुद्ध पूर्ण, असं लिहिलं. हृदयविकार आधीचा, नाही. गुण, तीन. मग शेवटची चौकट आली आणि दोघेही थांबले. मी म्हटलं, ही मी लिहिते. नियमात आहे की नाही ते कोणी बोललं नाही. मोठ्या बाईंनी कळफलक माझ्याकडे सरकवला आणि मी एक लिहिला. त्याला काही वेळ लागत नाही, टिंबू. तुझा आकडा आता पहिल्यापेक्षा थोडा वाईट झाला आहे. किती, ते त्यांनाही लगेच काढता येईना. त्या म्हणाल्या, ते तुझ्याच पद्धतीनं काढावं लागेल. मला ते फार जाणून घ्यायचं आहे. आणि दुसरा आलेख किती तासांनी काढायचा, तेही. तू ये, किंवा तिथूनच काढून मला सांग. या वेळी मी नुसतं "बरं" म्हणून फोन ठेवणार नाही.

तुझीच,
अजून पुष्कळ विचारायचं राहिलेली,
आई